गिअर नव्हे, बोजा

मंडळी, सध्या एका शब्दाने माझं डोकं उठवलं आहे. 'गिअरिंग'. नात्यातल्या शिकल्यासवरल्या मुलांच्या तोंडी तो हल्ली सारखा येतो. "आत्या, नुसत्या स्वतःच्या पैशावर कोण मोठं झालंय? थोडं गिअरिंग पाहिजेच." दुसरा अमेरिकेतल्या कंपनीत काम करतो, तो 'लीव्हरेज' म्हणतो. अर्थ एकच. दुसऱ्याचा पैसा व्याजाने घ्यायचा, आपल्या थोड्याशा पैशाला जोडायचा आणि आपल्या ऐपतीपेक्षा मोठा व्यवहार करायचा. साध्या मराठीत याला कर्ज काढणं म्हणतात.

आता कुणी म्हणेल, शब्दाने काय फरक पडतो? पडतो हो, फार पडतो. "मी आठ लाखांचं कर्ज काढतोय" असं म्हटलं की घरात सगळे क्षणभर गप्प होतात, कोणी तरी "कशासाठी रे?" असं विचारतं. "मी एकास चार गिअरिंग घेतोय" असं म्हटलं की कोणी काही विचारत नाही, उलट पोरगं हुशार आहे असं वाटतं. जो शब्द घरातल्यांची तोंडं बंद करतो, तो शब्द तपासून घेतला पाहिजे. मी जन्मभर मुलांना मराठी शिकवलं. यंत्रं हा माझा विषय नाही, पण शब्द कुठून आला आणि काय लपवून आणतो हे पाहायची सवय जात नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कर्जाला गिअर म्हणणं ही चुकीची उपमा आहे, आणि ती चूक नेहमी एकाच बाजूच्या सोयीची असते. कर्ज देणाऱ्याच्या.

आधी खरा गिअर काय करतो ते पाहू. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ साज, सरंजाम. घोड्याचा साज, योद्ध्याचा सरंजाम, कारागिराची हत्यारं. दात्यांच्या चाकाला तो शब्द नंतर चिकटला, आणि पैशाच्या व्यवहाराला तर त्याहून कितीतरी नंतर, इंग्लंडात. अमेरिकेत त्याच गोष्टीला तरफेवरून नाव पडलं. गिअर काय किंवा तरफ काय, दोन्ही यंत्रशाळेतून पेढीवर आलेले शब्द.

सायकलचं उदाहरण घ्या. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला २२ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दोनदा फिरतं. वेग दुप्पट मिळाला. फुकट मिळाला का? नाही. चाकाला मिळणारा जोर निम्मा झाला. म्हणून तर चढ आला की पाय भरून येतात.

ज्यांनी बैलाचं गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना हे सांगायलाच नको. उसाच्या चरकाला वर एक लांब आडवं लाकूड असायचं. त्याच्या टोकाला बैल जुंपायचे. बैल मोठ्या रिंगणात सावकाश चालायचे आणि मधले लोखंडी रूळ, त्यांच्या डोक्यावरचे दाते एकमेकांत अडकवून, ऊस पिळून काढायचे. म्हणजे तरफ आणि गिअर दोन्ही एकाच यंत्रात. लाकडाची लांबी रुळाच्या त्रिज्येच्या वीसपट असेल तर जोर वीसपट, पण बैलाला चालावंही वीसपट लागतं. शिवाय दाते दात्यांवर घासतात, गरम होतात, वंगण खातात. तेवढी ताकद वाया जाते ती वेगळीच. बैलांनी जेवढं घातलं त्यापेक्षा कणभर जास्त कुठल्याही चरकातून कधी निघालं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ही गिअरची पहिली आणि सगळ्यात मोठी खूण. गिअर ताकद निर्माण करत नाही. वेग देऊन जोर घेतो, किंवा जोर देऊन वेग घेतो.

आता पैशातला 'गिअर' पाहू. आकडे सोपे घेते. नगर रस्त्याच्या कडेला दहा लाखांचा प्लॉट आहे असं समजा. तुमचे दोन लाख, कर्ज आठ लाख. भाव २० टक्क्यांनी वाढला, प्लॉट बारा लाखांचा झाला. कर्जाचे आठ वजा केले की तुमच्याकडे चार लाख. दोनाचे चार! भाव वाढला २० टक्के, तुमचा पैसा वाढला १०० टक्के. कार्यशाळेतल्या फळ्यावर इथपर्यंतचं गणित असतं, आणि इथे टाळ्या पडतात. गिअर या शब्दात जे थोडं खरं आहे ते एवढंच, की इथली हालचाल तिथे मोठी होऊन दिसते.

पुढचं गणित फळ्यावर नसतं, ते मी करते. भाव २० टक्क्यांनी उतरला तर प्लॉट आठ लाखांचा, कर्ज आठ लाखांचं, तुमचं शून्य. हेही एक वेळ कोणी सांगेल. पण भाव हललाच नाही तर? बारा टक्क्यांनी आठ लाखांचं वर्षाचं व्याज ९६ हजार. म्हणजे जमीन जागच्या जागी असताना, काही वाईट घडलेलं नसताना, तुमच्या दोन लाखांतले जवळजवळ निम्मे एका वर्षात गेले. सायकल स्टँडवर उभी असताना पाय दुखतात असा गिअर कोणी पाहिला आहे का?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. यंत्रातले दाते मोजून पाडलेले असतात. ४४ आणि २२ म्हणजे ४४ आणि २२. तुम्ही चढावर असा, उतारावर असा, ते प्रमाण बदलत नाही. बदलायचं तर तुम्ही बदलता. कर्जाचं तसं नाही. वरच्याच उदाहरणात सुरुवातीला प्रमाण एकास चार होतं. भाव फक्त १० टक्के उतरला. प्लॉट नऊ लाखांचा, कर्ज आठ, तुमचा एक लाख. प्रमाण झालं एकास आठ. तुम्ही नवीन कर्ज काढलं नाही, कुठे सही केली नाही, आणि तुमचं 'गिअरिंग' दुप्पट झालं! आणखी थोडा भाव उतरला की ते मोजायचीही सोय उरत नाही.

दिवे घाटातून कधी खाली आलात? जाणता ड्रायव्हर उतारावर खालचा गिअर टाकतो, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. समजा अशी एक बस आहे की तिला उतार लागला की ड्रायव्हरने हात न लावता तिचा गिअर आपोआप दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून चौथ्यावर जातो. उतार जितका तीव्र तितका वरचा गिअर. अशा बसमध्ये तुम्ही आपली नातवंडं बसवाल का? कर्जाची गाडी नेमकी अशी आहे. आणि तिला हे लोक गिअर म्हणतात.

तिसरी गोष्ट फ्रीव्हीलची. सायकलवर पाय थांबवले तरी मागचं चाक टिक टिक करत फिरत राहतं, पायडल तुमचे पाय ओढून नेत नाही. गाडीला क्लच असतो, न्यूट्रल असतं. इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तोडता येतो. पैशाच्या जगातही असं एक फ्रीव्हील आहे, पण ते सगळ्यांना मिळत नाही. कंपनीला मिळतं. मर्यादित जबाबदारीची कंपनी बुडाली तर भागधारकाचे भागापुरते पैसे जातात, त्याचं घर जात नाही. २०१६ साली नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली, तीही मुख्यतः कंपन्यांच्याच कामी आली. तुमच्याआमच्यासारखा माणूस स्वतःच्या नावाने कर्ज काढतो, घर किंवा जमीन तारण देतो, वर दोन जामीनदार उभे करतो. त्याच्या सायकलला फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, नाहीतर जामीनदाराचे फिरतील, आणि हा जामीनदार बहुधा त्याचा मेहुणा किंवा शेजारी असतो. कंपनीचं शास्त्र घरगुती माणसाला शिकवताना हा फरक कोणी सांगत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

"आत्या, ही सगळी पुस्तकी भीती" असं कोणी म्हणू नये म्हणून आपल्याच तालुक्याची गोष्ट सांगते. शिरूर तालुक्यातलं कर्डे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण या गावाचं नाव इतिहासात का आहे हे किती जणांना ठाऊक आहे?

गोष्ट सुरू होते ती मात्र अमेरिकेत. १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि १८६२ सालापर्यंत इंग्लंडात येणाऱ्या कापसाचा बहुतेक भाग हिंदुस्थानातून जाऊ लागला. मुंबईचे निर्यातदार शहरातल्या सावकारांना आगाऊ पैसा देत, शहरातले सावकार खेड्यातल्या सावकारांना, आणि खेड्यातले सावकार कुणब्याला. चाकात चाक, दात्यात दाता. लिव्हरपूलच्या बाजारातलं चाक फिरलं की दख्खनच्या खेड्यात कर्ज सहज मिळू लागलं. मागेल त्याला मिळत होतं, आणि सहज मिळणारं कर्ज कोण सोडतो?

१८६५ साली युद्ध संपलं. मालिकेतलं पहिलं चाक उलटं फिरलं, आणि एकेक करत सगळी उलटी फिरली. निर्यातदाराने सावकाराकडे मागितलं, सावकाराने कुणब्याकडे. नवं कर्ज बंद, जुन्याचा तगादा सुरू. त्यातच तीस वर्षांपूर्वीची सारा-आकारणी संपून १८६७ पासून नवी आकारणी होऊ लागली आणि कित्येक ठिकाणी सारा निम्म्याहून जास्त वाढला. तो रोखीने भरायचा, पाऊस पडो न पडो. उत्पन्न कमीजास्त होणारं आणि देणं मात्र ठरलेलं. यंत्राच्या भाषेत बोलायचं तर एक चाक अडखळतंय आणि दुसरं थांबायला तयार नाही. मधले दाते मोडणारच. मधले दाते म्हणजे कुणबी.

आणखी एक गंमत पाहा (गंमत कसली!). सरकारने १८५९ साली मुदतीचा कायदा केला होता. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चालेल, म्हणजे व्याज साठत जाणार नाही, असा चांगला हेतू. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि मागचं न फिटलेलं मुद्दल अधिक व्याज हे सगळं नव्या रोख्याचं मुद्दल म्हणून मांडायचं. ट्रकच्या जॅकला कसा खटका असतो, दांडा वरखाली होतो पण चाक एकाच बाजूला दाता-दाता सरकतं, मागे येत नाही, तसं. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना रिवाज होता. व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. तोही मोडला. पुढे चौकशी झाली तेव्हा १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण समोर आलं. शंभराचे दोन हजार! या 'गिअर'चा वेग कुणाला मिळाला आणि चालावं कुणाला लागलं, ते तुम्हीच पाहा.

डिसेंबर १८७४ मध्ये कर्ड्यात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर १५० रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांचं काम करायचं नाही. बहिष्काराचं लोण गावोगाव गेलं. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारच्या दिवशी भडका उडाला. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. मग पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली तीसहून जास्त गावं उठली. एक गोष्ट माझ्या नेहमी लक्षात राहते. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्याकडे जमावाचं लक्ष होतं. आपल्या मानेवर काय बसलं आहे हे त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना बरोबर कळलं होतं.

त्या दंग्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. नुसत्या रोख्यावरचा आकडा न पाहता मुळात कर्ज किती होतं हे कोर्टाने तपासायचं ठरलं. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. कायदा पुरेसा होता की नव्हता यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण माझ्या लेखी तो म्हणजे आपल्या भागातल्या कुणब्याच्या सायकलला उशिरा बसवलेलं फ्रीव्हील. ते कुठल्या अर्थतज्ज्ञाच्या व्याख्यानातून आलं नाही. कर्ड्याच्या बहिष्कारातून आणि सुप्याच्या जाळातून आलं. १९४६ च्या सावकारी कायद्यात दामदुप्पटीचं तत्त्वही लिहिलं गेलं.

कोणाला वाटेल, बिचारे अडाणी कुणबी फसले, शिकलेले फसत नाहीत. मग त्याच १८६५ सालची मुंबई पाहा. कापसाच्या पैशाने शहर बेभान झालं होतं. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे मातब्बर व्यापारी त्यात होते, ज्यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. समुद्र भरून काढायच्या बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकले जात होते आणि त्या शेअरच्या तारणावर बँका कर्ज देत होत्या. ते कर्ज पुन्हा शेअरमध्ये. १ जुलै १८६५ हा सौदे पुरे करायचा दिवस होता. त्या दिवशी देणाऱ्यांकडे पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. इंग्रजी येणारे, हिशोब जाणणारे, गव्हर्नराबरोबर उठणारे बसणारे लोक होते हे.

आणि २००८ ची लेहमन ब्रदर्स तर सगळ्यांच्या आठवणीत आहे. स्वतःच्या एका डॉलरमागे सुमारे ३० डॉलरची मालमत्ता घेऊन ती पेढी बसली होती. म्हणजे मालमत्तेची किंमत तीन-चार टक्के उतरली की स्वतःचं सगळं संपलं. १५ सप्टेंबर २००८ रोजी तिने दिवाळं जाहीर केलं. तिथे काम करणाऱ्यांत हा शब्द न कळणारा एकही नसेल. शब्द कळून उपयोग नसतो, उतार दिसावा लागतो.

आता आपल्या घरातल्या मुलांकडे येते, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे. शेअर बाजारातलं 'फ्युचर्स आणि ऑप्शन्स' नावाचं प्रकरण तुम्ही मोबाइलवर खेळता. थोडे पैसे टाकून मोठ्या रकमेचा सौदा करता येतो, हेच त्याचं आकर्षण. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. शंभर मुलांच्या वर्गात ९३ नापास होत असतील, तर आमच्या वेळी शिक्षकाला आणि परीक्षेला जाब विचारला जायचा. इथे नापास झालेल्या मुलालाच सांगतात की तू गिअर नीट टाकला नाहीस.

या शब्दाचा खरा उपयोग इथे कळतो. गिअर म्हटलं की दोष चालवणाऱ्याचा. गाडी निर्दोष, रस्ता निर्दोष, ज्याने ब्रेकशिवाय गाडी विकली तोही निर्दोष.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, त्यांचं उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप, पेन्शन घेणाऱ्या बाईला काय कळणार, कर्जाशिवाय कोणाचं काही उभं राहिलं का? बरोबर आहे, राहिलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली, भांडवलाला पैसेही दिले, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे लोखंडी नांगर आणि उसाचे चरक महाराष्ट्रभर गेले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून, वर कर्ज घेऊन सहकारी साखर कारखाना काढला, १९५० साली तो सुरू झाला. मी कर्जाच्या विरुद्ध नाहीच. विहिरीसाठी, पाइपलाइनसाठी, मुलीच्या शिक्षणासाठी, राहत्या घरासाठी काढलेलं कर्ज मला समजतं. पण त्या कर्जात आणि या 'गिअरिंग'मध्ये फरक आहे. किर्लोस्करांचं देणं नांगरातून फिटायचं होतं, प्रवरेचं साखरेतून. विहिरीला पाणी लागलं की पीक येतं आणि पिकातून हप्ता जातो. भाव वाढेल आणि कोणी तरी आपल्याहून महाग घेईल, या एका आशेवर ज्याचा हप्ता अवलंबून आहे, त्याच्या चरकात ऊसच घातलेला नाही. बैल नुसते फिरताहेत.

दुसरा आक्षेप, शब्द बदलून काय होणार? शब्द बदलून प्रश्न बदलतो. आणि आपल्या भाषेला उसना शब्द घ्यायची गरजच नाही, तिच्याकडे अचूक शब्द पडून आहेत. ऊसतोडीला बीड-नगरकडून माणसं येतात, ती मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतात. त्याला म्हणतात 'उचल'. तरफेचं कामही उचलण्याचंच. पण तरफेने माणूस वजन उचलतो, आणि या उचलीत माणूसच उचलला जातो, बायकापोरांसकट, पूर्ण हंगामभर. लीव्हरेजची इतकी नेमकी व्याख्या कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात असेल?

आणि त्याहून नेमका शब्द तर सरकारी आहे. घरात सातबारा असेल तर काढून पाहा. जमिनीवर कर्ज असेल तर 'इतर हक्क' या रकान्यात त्याची नोंद असते. तिथे गिअरिंग लिहिलेलं नाही, लीव्हरेज लिहिलेलं नाही. तलाठी लिहितो 'बोजा'. बोजा चढवला, बोजा उतरवला. कॉलेजात मोठमोठी फी भरून जे कळत नाही ते तलाठ्याला कळलं आहे. कर्ज सायकलच्या दात्यांत नसतं, कॅरिअरवर असतं. धान्याचं पोतं म्हणून ते दळायला न्यायचं असेल तर जरूर न्या, त्याचं पीठ होईल. पण पोत्याला गिअर समजून कोणी घाटात उतरू नये.

तेव्हा भाच्यांनो, पुतण्यांनो, माझी मागणी छोटी आहे. यापुढे घरात हा विषय काढाल तेव्हा गिअरिंग म्हणायचं नाही, बोजा म्हणायचं. "आत्या, मी एकास चार बोजा घेतोय" असं म्हणून पाहा. मग मी तीन प्रश्न विचारीन. हा फिटणार कशातून? भाव जागच्या जागी राहिला तर वर्षाचं व्याज कुठून भरणार? आणि तुझे पाय थकले तर कुणाचे पाय फिरणार आहेत, त्याला विचारलंस का? तिन्हींची उत्तरं असतील तर खुशाल काढ कर्ज, पेढे मी देईन.

उत्तरं नसतील तर कर्ड्याला एक चक्कर मारून ये. लांब नाही, शिरूरच्या अलीकडेच आहे.